विंडोज-एल की आपोआप लॉक?

चहाला उठताना विंडोज आणि एल ही दोन बटणं एकत्र दाबली की कॉम्प्युटर त्याच क्षणी लॉक होतो. मॅकवर त्यासाठी कंट्रोल, कमांड आणि क्यू. उघडलेल्या फाइली, चालू डाउनलोड तसेच राहतात; परत येऊन पिन टाकला की काम पुढे सुरू. अडचण एकच, पण मोठी : आठवण राहायला हवी. साहेबांनी हाक मारली की माणूस तसाच उठतो.

आपोआप लॉकला आठवणीची गरज नाही. स्क्रीन सेव्हरच्या सेटिंगमध्ये मिनिटं ठरवायची आणि परत आल्यावर लॉगइन विचारण्याच्या चौकटीत टिक करायची. ही टिक राहून गेली तर सेव्हर नुसता शोभेचा. माउस हलवला की सगळं उघडं. शिवाय वेळेचं त्रांगडं आहेच. १५ मिनिटं ठेवली तर तेवढ्यात कुणीही तुमच्या नावाने मेल पाठवून मोकळा होईल. २ ठेवली तर फोनवर बोलता बोलता सारखा पासवर्ड टाकत बसा. विंडोज १० मध्ये २०१७ साली आलेलं डायनॅमिक लॉक ब्लूटूथने जोडलेला फोन लांब गेला की कॉम्प्युटर लॉक करतं, पण लगेच नाही. आणि फोन टेबलावरच राहिला (आपल्याकडे तो चार्जिंगलाच असतो) तर अजिबात नाही.

चार लोकांची ये-जा असलेल्या ऑफिसात मी बटणांच्याच बाजूने. आपोआपची वेळ ५ मिनिटांवर लावून ठेवावी, ती विसरलात तर उपयोगी पडेल म्हणून. घरी एकटेच असाल तर १० नेही बिघडत नाही.