बुर्ज खलिफा : आधी खालून बघा, मग वर जा

आधीच सांगून टाकतो, वरचं तिकीट काढलं असेल तर दिलेल्या वेळेच्या निदान दोन-तीन तास आधी पोचा आणि खाली तळ्याच्या कडेला बसून बिल्डिंग बघा, कारण वर चढल्यावर ही बिल्डिंग दिसत नाही, फक्त दुबई दिसते. तसं हे साधंच आहे, गच्चीवर उभं राहून आपलं घर थोडंच दिसतं, पण जिचे फोटो, नकाशे, व्हिडिओ बघून पंधरा वर्षं डोळे फोडून घेतले ती बिल्डिंगच १२४व्या मजल्यावर गायब म्हणल्यावर मला माझंच हसू आलं.

मी लातूरचा. छोटी-मोठी बांधकामं घेतो, जी प्लस वन, म्हणजे तळमजला आणि वर एक मजला, फार झालं तर जी प्लस थ्री. उंच बिल्डिंगांचं वेड मात्र शाळेपासून आहे आणि त्याचं कारण उलटंच आहे, आमच्या घरात वरचा मजला हा विषयच काढायचा नसायचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजत आलेले, लोक गणपती बोळवून येऊन झोपलेले आणि किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या दोन-दोन फूट जाड भिंती, वर माळवदाची कितीतरी टन माती, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. आमच्या औसा तालुक्यातल्या गावाकडचं घरही बसलं, माणसं वाचली एवढंच. त्यानंतर आई वर्षभर अंगणात झोपली आणि पुढं कितीतरी वर्षं डोक्यावर पत्र्याशिवाय काही नको म्हणायची. मग एखादी गोष्ट उभी कशी राहते आणि पडते कशी, हे बघायचा नाद मला लागला तो लागलाच. आता त्याच आईला घेऊन ८२८ मीटरच्या बिल्डिंगीवर निघालो तर घरचे म्हणले, तुझं डोकं ठिकाणावर आहे का.

सोबत मामाचा पोरगा होता, तो शारजात एसीचं काम करतो. तिकिटाचा घोळ आमच्या इकडच्याच एका टूरवाल्यानं घातला, संध्याकाळचं सांगून पैसे घेतले आणि हातात दुपारी तीनचा कागद. सूर्यास्ताच्या वेळेचं तिकीट महाग असतं, मधला फरक कुठं गेला ते त्यालाच माहीत. फोन केला तर म्हणे वरून व्ह्यू तोच आहे सर. बुकिंग दुसऱ्याकडून केलं तर तिकिटावर छापलेली वेळ स्वतः वाचा, व्हॉट्सॲपवर आलेल्या गोड मेसेजवर जाऊ नका.

मेट्रोतून उतरून बिल्डिंगला लागून असलेल्या दुबई मॉलपर्यंत लांबलचक एसी पूल आहे, सरकते पट्टे आहेत, तरी बरंच चालणं होतं, म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणार असाल तर वेळ धरून निघा. आम्ही बारालाच पोचलो. डिसेंबर होता म्हणून ऊन सोसलं. तळ्याकडं बाहेर एका कोपऱ्यात बसून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि मी मान वर केली ती तीन वाजेपर्यंत खाली आणली नाही.

खालून बघताना एकदम टोकाकडं बघू नका, मान दुखते आणि डोळ्याला माप लागत नाही. बुडापासून हळूहळू वर सरका. हिचा आकार तीन पाकळ्यांचा आहे, मधे सहा कोनांचा गाभा आणि त्याला टेकू दिलेले तीन हात. एका हाताला वाऱ्यानं ढकललं की बाकीचे दोन त्याला धरून ठेवतात. चुलीला तीन दगड का लागतात हे ज्याला माहितीय त्याला यावर जास्त सांगायला नको. आणि वर जाताना हे हात एकेक करून, गोल फिरत, पायरी पायरीनं आत जातात. फोटोत बघून लोकांना वाटतं हे शोभेसाठी केलंय. नाही. एवढ्या उंचीवर बिल्डिंगला स्वतःच्या वजनापेक्षा वारा जास्त छळतो, आकार एकसारखा असला की वारा मागच्या बाजूला भोवरे सोडत जातो, एकदा डावीकडं एकदा उजवीकडं, आणि त्या तालावर बिल्डिंग झोके घ्यायला लागते. इथं दर टप्प्याला रुंदी बदलते म्हणून भोवऱ्यांना ताल धरताच येत नाही. आमच्याकडं रात्री शिवारात माणसाला चकवा लागतो म्हणतात ना, तसा इथं वाऱ्याला चकवा लागतो. एड्रियन स्मिथ आर्किटेक्ट आणि बिल बेकर इंजिनियर, शिकागोच्या एसओएम कंपनीत असताना दोघांनी हे डोकं लावलं. मी आईला हे सगळं हातवारे करून सांगत होतो, बाजूला एक केरळी कुटुंब बसलं होतं, ते पण ऐकायला लागलं, भाषा कळत नसताना.

पाया काही बघायला मिळत नाही पण माझा जीव तिथंच अडकलेला. दीड मीटर व्यासाच्या १९२ पाईल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब, ५० मीटरपेक्षा खोल, त्यावर ३.७ मीटर जाडीचा राफ्ट, म्हणजे काँक्रीटची सलग लादी. आमच्या काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खणायचं, मुरूम लागला की जीव भांड्यात पडतो. तिथं खाली टेकायला तसा दणकट खडक नाहीच, मऊ खडक आणि त्यात समुद्रापेक्षा खारं पाणी. म्हणजे सगळा भार पाईलच्या अंगाला आजूबाजूच्या खडकाची जी पकड बसते तिच्यावर. एवढा डोंगर घर्षणावर उभा आहे हे कळल्यावर माझ्या तरी पोटात गोळा आला, आईला ते मुद्दाम वरून खाली आल्यावर सांगितलं.

काँक्रीटचं तर विचारूच नका. २००४ ला काम सुरू झालं, ४ जानेवारी २०१० ला उद्घाटन. उन्हाळ्यात काँक्रीट रात्रीच ओतायचे आणि त्यात बर्फ घालायचे, नाहीतर ओतता ओतता आळून तडे जायचे. मे महिन्यात लातुरात स्लॅब टाकलेल्या माणसाला याची किंमत कळते, आम्ही पहाटे चारला मिक्सर सुरू करतो, नंतर गोणपाटं टाकून आठवडाभर पाणी मारतो, पाण्याचा टँकर वेगळा सांगावा लागतो आणि तरी कुठंतरी केसासारखी चीर दिसतेच. यांनी ते काँक्रीट पंपानं ६०६ मीटर वर चढवलं, तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता. आमच्या पंपाचा पाईप तिसऱ्या मजल्यावर जाम होतो. कामाच्या भरात रोज १२ हजार माणसं राबायची, बहुतेक आपल्याकडची आणि आजूबाजूच्या देशातली, आणि २००६ ला पगारावरून साइटवर भडका पण उडाला होता. पिवळ्या लायटिंगमधे फोटो काढताना हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

आता वरचं. लिफ्ट सेकंदाला १० मीटर पळते, मिनिटाभरात १२४वा मजला. धक्का नाही, आवाज नाही, फक्त कान बसतात. दार उघडलं तर आई म्हणली, "आलं बी का?" तिला वाटलं मधेच थांबली. इथं ४५२ मीटरवर उघडी गच्ची आहे, काचेच्या फटीतून वारा अंगाला लागतो, आणि माझ्या मते पैसे त्या वाऱ्याचे वसूल होतात. व्ह्यू त्या दिवशी धुरकट होता, समुद्र कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं कळत नव्हतं, त्याला कुणी काय करणार. पण एक गोष्ट स्पष्ट दिसली, बिल्डिंगची सावली. दुपार कलली तशी ती लांब होत गेली आणि अख्ख्या वस्त्या ओलांडून गेली. मी व्ह्यू सोडून सावलीच बघत बसलो.

आई आधी भिंतीला धरून उभी होती. मग तळवा भिंतीवर सपाट ठेवला आणि विचारलं, "आरं, हे हालूलालंय का?"

म्हणलं, हालतं, टोकाला दीड मीटरच्या आसपास, इथं आपल्याला कळत नाही. ती म्हणली मंग पडत कसं नाही. म्हणलं हालतं म्हणून ताकद आत जिरते, काँक्रीटमधे सळई असते, ती वाकते आणि परत येते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणली, "आपल्या भिंतीला हालायचं ठावं नव्हतं." आणि लगेच विचारलं बाथरूम कुठंय.

मामाच्या पोराचं सगळं लक्ष एसीकडं. त्यानं एक गोष्ट सांगितली ती मी आधी वाचली होती पण तिथं उभं राहून ऐकल्यावर वेगळीच वाटली. दमट हवेमुळं एसीच्या गार पाईपांवर जो घाम धरतो, ते पाणी इथं गोळा करून बागेला देतात, वर्षाला दीड कोटी गॅलनच्या आसपास, म्हणजे साडेपाच कोटी लिटरच्या वर. २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे यायची आठवतंय ना, ५० डब्यांच्या एका फेरीला २५ लाख लिटर. मी तिथंच मोबाईलवर भागाकार केला. बावीस फेऱ्यांच्या वर! नुसता एसीचा घाम. घरी नळाला आठ-आठ दिवस वाट बघणाऱ्या माणसानं ४५२ मीटरवर हा हिशेब करू नये.

आमचं तिकीट १२४ आणि १२५चं होतं, ते भरपूर झालं. १४८वा मजला ५५५ मीटरवर आहे, तिकडचं तिकीट बरंच महाग, धुरकट दिवशी त्या १०० मीटरनं काय फरक पडणार. दोघांच्या तिकिटात माझी सिमेंटची पंचवीसेक पोती आली असती, हे मी तिथं मनात धरलं नाही, घरी आल्यावर धरलं. आणि एक खटकणारी गोष्ट, बिल्डिंग ८२८ मीटर म्हणतात पण माणूस वापरू शकेल असा शेवटचा मजला ५८५ मीटरवर संपतो, वरचे २४३-२४४ मीटर नुसता कळस. कळस मोजायचा का नाही यावर उंच बिल्डिंगवाल्यांची भांडणं कधी मिटणार नाहीत. मी मोजणाऱ्यांतला आहे, देवळाची उंची कळस सोडून कोण सांगतं. आपला दौलताबादचा चांदमिनार ६४ मीटरच्या आसपास, असे तेरा एकावर एक ठेवले की बुर्ज झाला, पण पंधराव्या शतकात बर्फ आणि पंप नसताना तो उभा केलाय हे पण धरा. नावाचं म्हणाल तर उद्घाटनापर्यंत ही बुर्ज दुबई होती, अबुधाबीनं पैशाची मदत केली आणि ऐन दिवशी तिथले तेव्हाचे राजे शेख खलिफा यांचं नाव लागलं. नाव बदलल्यावर पाट्या बदलायला किती दिवस जातात ते आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना विचारा.

खरी मजा खाली आल्यावर. सूर्य मावळला, तळ्याकाठी अंधार पडायला लागला, दुकानांचे दिवे लागले आणि टोकावर मात्र अजून ऊन होतं. लालसर, एक दोन मिनिटं, मग ते पण सरकत सरकत गेलं. मामाचा पोरगा म्हणला रमजानमधे यावरून इथं खास सांगावं लागतं, ८०व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यानं रोजा दोन मिनिटं उशिरा सोडायचा आणि १५०च्या वर तीन मिनिटं, कारण त्यांचा सूर्य अजून मावळलेला नसतो. एका बिल्डिंगीत तीन वेळा संध्याकाळ. टूरवाल्यानं संध्याकाळचं तिकीट दिलं असतं तर मी वर असतो आणि हे बघितलंच नसतं, त्यामुळं त्याला शिव्या थोड्या कमी घातल्या. कारंजाचं नाचणं पण बघितलं, छान आहे, गर्दीत चिल्लीपिल्ली सांभाळा.

परत आल्यापासून गल्लीतल्या बाया आईला विचारतात, वरून दुबई कशी दिसती म्हणून. ती म्हणते, "धुरकट. पण खाली बसून चांगलं दिसतंय, धपाटे घेऊन जावा."