वादळाची वाट बदलते तेव्हा : खेड, शाळा की वरची वाडी?

अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली की रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या हर्णै, आंजर्ले, केळशी या पट्ट्यातल्या घरांत एकाच विषयावर बोलणे सुरू होते : थांबायचे की निघायचे, आणि निघायचे तर कुठे. स्वतःच्या घरात थांबणे, गावातल्या शाळेत जाणे, वरच्या वाडीत, म्हणजे गावाच्या उंचावरच्या वस्तीत, कोणाच्या तरी स्लॅबच्या घरी मुक्काम हलवणे, किंवा खेड-चिपळूणकडे, जमल्यास घाट चढून, पै-पाहुण्यांकडे जाणे, एवढेच मार्ग असतात. ज्यांचे घर समुद्राला किंवा खाडीला लागून आहे आणि वर कौले किंवा पत्रे आहेत, त्यांनी पहिल्या मार्गाचा विचारच करू नये, असे मी धरून चालतो. उरलेल्यांपैकी दोन मी स्वतः निवडलेले आहेत. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ वादळाच्या वेळी आम्ही सर्वजण खेडला मेव्हण्यांकडे गेलो होतो, आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’च्या वेळी गावातच वरच्या वाडीत चुलतभावाच्या घरी राहिलो.

निवड करण्यापूर्वी अंदाजाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण सगळी अडचण तिथूनच सुरू होते. ‘निसर्ग’ किनाऱ्यावर कुठे येणार याचा सुरुवातीचा अंदाज हरिहरेश्वर ते दमण असा होता, म्हणजे अडीचशे किलोमीटरहून लांब किनारपट्टी. नंतर अलिबागचे नाव पुढे आले, आणि ३ जूनच्या दुपारी ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाचे वारे घेऊन ते अलिबागच्या दक्षिणेला, रायगडातल्या मुरुड-श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर चढले. यात हवामान खात्याला दोष देण्यासारखे मला फारसे दिसत नाही. आपला किनारा दक्षिणोत्तर आहे आणि आपल्याकडे येणारी वादळेही बहुधा दक्षिणेकडून उत्तरेकडे, किनाऱ्याला जवळजवळ समांतर सरकत येतात; त्यामुळे त्यांची दिशा किंचित बदलली तरी जमिनीवर येण्याचे ठिकाण एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाते, किंवा ‘तौक्ते’प्रमाणे वादळ आपल्यासमोरून समुद्रातूनच निघून थेट सौराष्ट्रात जाते. चोवीस तास आधीच्या अंदाजातही सरासरीने सत्तर-ऐंशी किलोमीटरची तफावत राहते, आणि अलिबागपासून हर्णै सरळ रेषेत नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे. ‘अलिबागला येणार आहे’ हे वाक्य आमच्या गावापुरते तरी दिलासा देणारे नव्हते, ते याच कारणाने.

शिवाय वादळाचा डोळा, म्हणजे केंद्र, आपल्या उत्तरेकडून गेला म्हणजे आपण सुटलो, असेही नाही. ईशान्येकडे सरकणाऱ्या वादळाच्या उजव्या अंगाला, म्हणजे आपल्या किनाऱ्याच्या हिशोबाने दक्षिणेला, वाऱ्याचा जोर अधिक असतो आणि तो वारा समुद्रावरून जमिनीकडे घुसतो. दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या वाड्या डोळ्याच्या दक्षिणेला असूनही आडव्या झाल्या. नकाशावरची रेघ थोडी वर सरकल्याचे पाहून सामान पुन्हा सोडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आता खेडचा पर्याय. त्याची जमेची बाजू मी कमी लेखणार नाही. समुद्रापासून अंतर मिळते, दवाखाने जवळ येतात, मुंबई-गोवा महामार्ग आणि रेल्वे दोन्ही हाताशी राहतात, आणि लाटांचा आवाज नसल्यामुळे घरातील वृद्ध माणसे निदान पडून राहू शकतात. परंतु तिथे जाण्याचा निर्णय सर्वांत आधी, म्हणजे माहिती सर्वांत कच्ची असताना घ्यावा लागतो. धोक्याचा बावटा लागला की उत्तरेकडे बाणकोटच्या खाडीवरील आणि दक्षिणेकडे दाभोळच्या खाडीवरील फेरीबोटी बंद होतात. मग दापोलीवरून खेडला उतरणारा रस्ता एवढाच खरा मार्ग राहतो आणि तो बराचसा झाडांखालून जातो. दोन्ही वादळे टाळेबंदीच्या काळात आली, त्यामुळे जिल्ह्याबाहेर पडायला परवाना लागत होता आणि घाटावरचे नातेवाईक त्या वेळी कामाचे नव्हते. याखेरीज वादळाबरोबर मोठा पाऊस येतो, आणि खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये काय झाले ते ज्यांना आठवत असेल, त्यांना नदीकाठच्या बाजारपेठेत आसरा शोधण्यातली विसंगती वेगळी सांगायला नको. अर्थात पाहुण्यांचे घर उंचावर असेल तर हा आक्षेप गळून पडतो. आमच्या मेव्हण्यांचे होते.

हे सगळे मी सहन केले असते. माझ्या मनातून खेड उतरले ते परतीच्या रस्त्यामुळे. वादळ दुपारी गेले आणि संध्याकाळी आम्ही सर्व धडधाकट होतो, पण गावाकडे जाता येत नव्हते. रस्त्यावर झाडे आणि विजेचे खांब पडलेले, मोबाइलचे मनोरे बंद, आणि ज्याला फोन लावावा तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर. झाडे तोडत तोडत रस्ता मोकळा होत होता, पण मुख्य रस्ता मोकळा झाला तरी गावात उतरणारा फाटा मोकळा होईलच असे नव्हते. दरम्यान पाऊस थांबत नव्हता. खेडच्या पडवीत बसून बाहेरची सर पाहताना आपल्या घरावर कौले आहेत की नाहीत, हे माहीत नसणे हा त्रास बाहेरून क्षुल्लक वाटेल, परंतु कौलारू घराचा व्यवहार ज्याला ठाऊक आहे त्याला त्याचे मोल कळेल. वाऱ्याने आमच्या घराचे केलेले नुकसान खरे तर फार नव्हते. समुद्राकडच्या पाखीवरची, म्हणजे छपराच्या उतारावरची, कौले सरकली होती, माथ्यावरचे कोने उडाले होते आणि एका कोपऱ्यात कौलांखालच्या रिपा मोडल्या होत्या. त्याच संध्याकाळी कोणी वर चढून, फुटकी काढून, धड कौले त्या जागी ओढून वर ताडपत्री बांधली असती, तर आतले सगळे वाचले असते. आम्ही पोहोचेपर्यंत माजघरातले तांदूळ, गाद्या, मुलांची पुस्तके आणि पेटीतली कागदपत्रे भिजून गेली होती आणि मातीच्या भिंतीला पोट आले होते. घर वाऱ्याने मोडले नाही. ते रिकामे राहिल्यामुळे पावसाने मोडले. नंतर ताडपत्री आणि पत्रे मिळेनासे झाले, मिळाले तर चढ्या भावाने, आणि पुढच्या आठवड्यात मोसमी पाऊसही येऊन ठेपला. वीज तर कित्येक आठवडे नव्हती. वरच्या वाडीत राहिलेली शेजारची मंडळी मात्र वारा पडताच खाली उतरली होती आणि अंधार पडायच्या आत त्यांनी आपापली छपरे झाकून घेतली होती. पंचनाम्यासाठी दाखवायचे फोटोही त्यांनी आवराआवर करण्यापूर्वीच काढून ठेवले.

शाळेविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तिथे मी राहिलेलो नाही, फक्त माणसे पोहोचवायला गेलो आहे. तिथे नोंद होते, जेवणाची सोय होते, आणि ज्याला गावात कोणी नाही त्याला ते दार उघडे असते. ही गोष्ट मोठी आहे. पण पुष्कळ शाळांवर पत्रेच आहेत, वीज गेली की पंप बंद आणि पंप बंद की शौचालयाला पाणी नाही, आणि गुरांची काहीच व्यवस्था नसते. म्हणून घरटी एक माणूस रात्री गोठ्याकडे परत जातो, आणि मग हलण्याचा हेतूच निम्मा फसतो. शाळेवर स्लॅब असेल आणि टाकी आधी भरून ठेवलेली असेल, तर माझे म्हणणे मागे घ्यायला मी तयार आहे.

वरची वाडी. ‘तौक्ते’च्या वेळी आम्ही तिथे गेलो तेव्हा निघण्याची घाई नव्हती. १५ मेच्या संध्याकाळपर्यंत अंदाज पाहिला, गुरे आधी वर नेली, घरातली विजेची मुख्य कळ बंद केली, कागदपत्रे डब्यात घालून बरोबर घेतली, आणि मग पाखाडी, म्हणजे वाडीकडे जाणारी पायऱ्यांची वाट, चढून माणसे गेली. निर्णय उशिरा घेता येतो आणि चुकला तरी फार खर्च होत नाही, हा या पर्यायाचा सर्वांत मोठा गुण मला वाटतो. वादळ वळून गेलेच तर पाखाडी उतरून घरी यायचे. भाडे नाही, परवाना नाही, पाहुण्यांपुढे ओशाळणे नाही. १६ तारखेचा दिवस वारा झोडपत राहिला, आणि तो ओसरल्यावर तासाभरात मी व माझा मुलगा आमच्या छपरावर होतो.

याचे दोषही आहेत आणि ते पाहूनच घर निवडावे. आपल्याकडे स्लॅब गळू नये म्हणून त्यावर पत्र्याची शेड घालण्याची पद्धत पडली आहे. वादळात तीच शेड सर्वांत आधी उडते आणि तिचे पत्रे खाली कोणाला लागतील याचा नेम नसतो. तसे घर असेल तर शेड घट्ट बांधलेली आहे का ते पाहावे, नाहीतर दुसरे घर शोधावे. पश्चिमेला मोठ्या सरकत्या काचांच्या खिडक्या असतील तर त्या खोलीत झोपू नये. घरामागे डोंगर कापून केलेली उभी दरड असेल तर स्लॅबचा काही उपयोग नाही, कारण पाऊस पडला की माती खाली येते. सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळाच्या सपाटीच्या, अगदी कडेला वारा जास्त लागतो, म्हणून थोडे आत, झाडे अंगावर येणार नाहीत असे घर बरे. आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चार कुटुंबांची चूल पेटते तेव्हा काय होते ते घरातील बायकांना विचारावे; माझी पत्नी अजूनही खेडच्या बाजूने बोलते, आणि तिचे म्हणणे अगदीच चूक आहे असे मी म्हणणार नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. ‘तौक्ते’ समुद्रातून गेले, ‘निसर्ग’ जवळजवळ अंगावरून. त्यामुळे दोन पर्यायांची परीक्षा एकाच कसोटीवर झालेली नाही. वरच्या वाडीने ‘निसर्ग’ही सोसले हे मी शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे, स्वतः पाहिलेले नाही. याहून मोठे वादळ थेट आले तर माझा कल बदलेलही. पण कौलारू घर, गोठ्यात गुरे, आणि सड्यावर विश्वासाचे एखादे स्लॅबचे घर अशी ज्याची स्थिती आहे, त्याने आधी पाखाडीचा विचार करावा असे मला वाटते. आमची ताडपत्री, सुंभाच्या दोऱ्या आणि काही जादा कौले आता दरवर्षी मे महिन्यापासून चुलतभावाच्या जिन्याखाली असतात.

ज्यांच्या घरात दिवस भरत आलेली बाई आहे, डायलिसिस चालू असलेला रुग्ण आहे किंवा ऑक्सिजनचे यंत्र लावावे लागते, त्यांच्यासाठी मात्र हा सगळा विचार लागू नाही. वरच्या वाडीत वीज जाणार आणि रुग्णवाहिका वर येणार नाही, हे धरूनच चालावे. अशा माणसाने वादळाची वाट कुठे वळते याची प्रतीक्षा न करता, पहिली पूर्वसूचना आली की एका सोबत्यासह खेडला किंवा त्याहून पुढे निघावे, आणि घराकडे पाहायला बाकीच्यांपैकी कोणीतरी गावात थांबावे.