चिपळूणचा पाटेवाला आणि माझी एमजीबी

गाडी १९६७ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश दोन सीटची स्पोर्ट्स कार, मुक्काम गुहागर. घर समुद्राच्या इतकं जवळ की आमच्याकडे दाराच्या बिजागऱ्यासुद्धा गंजून झडतात. या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग, पण मागे थेट टेम्पोसारखे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. डावी बाजू चांगली दीड इंच बसली होती आणि खड्डा आला की अशी करकरायची की घरात तिचं नाव ‘रहाट’ पडलं.

नवे पाटे मागवायचा आकडा ऐकून फोन ठेवला आणि बहादूरशेख नाक्याजवळचा ट्रकांचा पाटेवाला गाठला. दोन डंपरांच्या मधे माझी ठेंगणी लाल गाडी बघून मिस्त्री म्हणाला, "काका, ही चालते की ढकलत आणलीत?"

सेंटर बोल्ट काढून पाटे सुटे केल्यावर मात्र त्याची थट्टा थांबली. मधे नुसते गंजाचे पापुद्रे. पाट्यांनी एकमेकांवर सरकायचं, तर ते चिकटून बसलेले. मला धास्ती भट्टीची होती. लाल करून तसंच सोडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतं. पण या माणसाने थंड पाट्यालाच ऐरणीवर कमान दिली, दर चार ठोक्यांनी उजवीकडच्या पाट्याशी ताडून बघत. तेवढ्यासाठी तरी तिथे उभं राहावं. मग तारेचा ब्रश, मधे ग्रॅफाइटचं ग्रीस, आणि उजवी बाजूही तशीच.

डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागतं, हेही खरं. त्याचा पोरगा जळकं ऑइल सगळीकडे फासायला निघाला होता. लोखंडाला चालेल, पण शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीला जोडणारी झुलती कडी) रबरी बुश त्याने फुगतात. शिवाय गाडी जॅकवर लटकत असतानाच तो शॅकल आवळत होता. तसं केलं की चाकं टेकल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी खाली उतरवायला लावली. मिस्त्री हसला, पण ऐकलं. पाटे ॲक्सलला धरून ठेवणारे इंची आट्यांचे यू बोल्ट त्याच्याकडे नव्हते, जुनेच चढवले. ते पाचशे किलोमीटरनंतर परत आवळून घ्या, हे मात्र त्यानेच सांगितलं.

सकाळी नऊला गेलो, सुटका सहाला, कारण डंपर आला की आपलं काम बाजूला. मजुरी साडेतीन हजार.

परतताना शृंगारतळीच्या पुढे कळलं, डाव्या दाराची काचही खडखडते. इतकी वर्षं रहाटाच्या आवाजात ऐकूच आली नव्हती.