टॉर्चवाली स्टन गन: अख्खा पावसाळा सोबत बाळगल्यानंतर

वेर्ण्याच्या औषध कंपनीत माझी दुसरी शिफ्ट रात्री उशिरा सुटते. कंपनीची बस पणजीत सोडते, पुढे मांडवी ओलांडून पर्वरीपर्यंत मी आणि माझी स्कूटर. मे महिन्यात दादाने ऑनलाइन मागवून ही स्टन गन, म्हणजे अंगाला भिडवून विजेचा झटका देणारं छोटं यंत्र, हातात ठेवली. आता दिवाळीचा फराळ संपत आलाय. सुदैवाने माणसावर चालवायची वेळ आली नाही, तरी सांगण्यासारखं बरंच आहे, कारण विकणारे सांगतात ते वेगळं आणि ही वस्तू करते ते वेगळं.

टॉर्च झकास. पावसात वीज गेली की जिन्यापर्यंतचा रस्ता लख्ख दिसतो. ठिणगीचा कडकडाटही जोरदार, वाड्यावरची भटकी कुत्री त्याला दबकतात. एक काळा मात्र उलट जास्तच अंगावर येतो, त्यामुळे कुत्र्यांसाठी घ्यायचा विचार असेल तर भरवसा ठेवू नका.

आता डब्यावरचे लाखो व्होल्ट. हवेतून ठिणगी उडायला मिलिमीटरला साधारण 3,000 व्होल्ट लागतात. माझ्या यंत्राच्या दोन टोकांत फुटपट्टी लावली तर जेमतेम अडीच सेंटिमीटर. म्हणजे फार तर 75,000 च्या आसपास गेलं की ठिणगी पडून मोकळी. लाख गाठायला जागाच नाही! आणि नुसत्या व्होल्टने होतं काय? एसी ऑफिसात दाराच्या मुठीला हात लावताना बसणारा चटकाही हजारो व्होल्टचाच असतो. शरीराला बाधतो तो प्रवाह: किती, किती वेळ आणि छातीतून जातो की नाही. डब्यावर नेमकं तेच छापलेलं नाही.

बरेच जण हिला टेझर समजतात. पोलिसांचं टेझर तारांना बांधलेले दोन काटे लांबून मारतं. काटे अंगावर एकमेकांपासून दूर रुतले की मधले स्नायू आखडतात आणि माणूस कोसळतो. त्यांच्या एक्स26 मॉडेलमध्ये एकदा घोडा दाबला की 5 सेकंद, सेकंदाला सुमारे 19 झटके. आपल्या हातातल्या खेळण्याची टोकं जवळजवळ, त्यामुळे लागेल तिथे वेदना, बस्स. पिऊन तर्र झालेल्याला तीही धड जाणवेलच असं नाही. शिवाय त्याच्या अंगाला भिडवून धरावी लागते. म्हणजे ज्याच्यापासून लांब पळायचं, त्याच्याच हाताच्या टप्प्यात जायचं! जाड रेनकोट असेल तर तेवढाही परिणाम कमी. आणि हिसकावून घेतली की पुढचा झटका आपल्यालाच.

‘जीव जात नाही’ या जाहिरातीवर मला सगळ्यात जास्त राग आहे. व्हँकुव्हर विमानतळावर 2007 साली रॉबर्ट जेकान्स्की या पोलिश प्रवाशावर पोलिसांनी टेझर पुन्हापुन्हा चालवलं आणि तो तिथेच गेला. 2009 मध्ये टेझर बनवणाऱ्या कंपनीनेच पोलिसांना छातीवर नेम धरणं टाळा असं सांगितलं. अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने 2012 साली मोजलं तेव्हा अमेरिकेत 2001 पासून टेझर वापरल्यानंतर दगावलेल्यांचा आकडा 500 वर गेला होता. प्रत्येक मृत्यू टेझरनेच झाला असं कुणी म्हणत नाही, दारू, ड्रग्ज, हृदयविकार अशी कारणं त्यात मिसळलेली असतात. पण रस्त्यात अंगावर येणारा माणूस नेमका तसाच असू शकतो ना! आणि हे सगळं चाचण्या झालेल्या, ठरावीक प्रवाह देणाऱ्या यंत्राबद्दल. आपल्या स्वस्तातल्या मालाची चाचणी कोणी केली? पेसमेकरवाले, गरोदर बाई, फिट येणारे यांच्या बाबतीत तर विषयच नको. डोळा किंवा मानेला लागलं तर इजा वेगळी, आणि दचकून जिन्यावरून पडून डोकं फुटणं हा धोका साधा असला तरी खरा आहे. कुणी कोसळलाच तर तिथून पळून सुरक्षित जागी जा, पण 112 किंवा 108 ला फोन करा.

पेट्रोल पंपावर तर ही बाहेर काढूच नका, ठिणगी ती ठिणगीच. मी ती आधी स्कूटरच्या सीटखाली ठेवायची, आता टाकीच्या इतक्या जवळ नाही ठेवत. पेपर स्प्रेच्या काही प्रकारांत अल्कोहोल असतं, तो मारून लगेच स्टन गन लावली तर माणूस पेटू शकतो. दोन्ही सोबत बाळगणाऱ्या मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा.

चार्जिंग मला सगळ्यात घाणेरडं वाटलं. मागून दोन पिना सरकून बाहेर येतात आणि थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये. जुलैत टोकांना गंज धरला म्हणून शेजारच्या इलेक्ट्रिशियन काकांकडे नेली. त्यांनी स्क्रू काढले आणि म्हणाले, “बाय, हातूंत ट्रान्सफॉर्मर ना.” म्हणजे चार्जिंगच्या भागात विजेचा दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मरच नाही, नुसता एक पिवळा कपॅसिटर, दोन डायोड आणि बॅटरी. घरातला 230 व्होल्टचा प्रवाह थेट सर्किटमध्ये. चार्जिंगला लावून वर हात लागला तर गुंड राहिला बाजूला, आपणच चिकटायचो. काकांनी चार्जिंग करताना कुणालाच जवळ येऊ देऊ नको असं बजावलं, आणि बंद केल्यावरही आत चार्ज उरतो म्हणून उघडायच्या भानगडीत पडू नको असंही. ओल्या प्लॅस्टिकवरून ठिणगी भलतीकडेच पळते हे मी ऑगस्टच्या एका रात्री बोटांना मुंग्या येऊन अनुभवलंय. गोव्याच्या दमट हवेत ही वस्तू टिकणारी नाही.

कायद्याचं म्हणाल तर स्वसंरक्षणाचा हक्क आहे, भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 त्याबद्दलच आहेत. पण तो गरजेपुरताच, पडलेल्या माणसाला झटके देत बसलात तर पंचाईत.

मी आता ती चार्ज करत नाही. पर्समध्ये साधी शिट्टी आणि वेगळी टॉर्च ठेवते, बसमधून उतरताना दादाला लोकेशन पाठवते. टॉर्चसाठी एक तारा देतेय. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी दाबोळी किंवा मोपा विमानतळावर जाताना ती घरीच ठेवा. लिथियम बॅटरीवाली तर केबिनमध्येच काय, चेक-इन बॅगेतही चालत नाही.