स्टॅनफर्ड आणि विल: मैत्रीची दोन चित्रणे

समलिंगी पुरुष आणि त्याची मैत्रीण यांचे नाते १९९८ साली सुरू झालेल्या दोन अमेरिकी मालिकांत ठळकपणे दिसते. ‘सेक्स अँड द सिटी’मधला स्टॅनफर्ड हा नायिका कॅरीचा जुना मित्र, तो येतो, एखादा मिश्कील शेरा मारतो, तिच्या प्रेमप्रकरणाची चौकशी करतो आणि निघून जातो. विली गार्सन यांनी भूमिकेत जीव ओतला असला, तरी त्याच्या स्वतःच्या आयुष्यात आपण क्वचितच डोकावतो.

‘विल अँड ग्रेस’मध्ये मैत्री हाच कथेचा कणा आहे. तिसऱ्या पर्वातल्या एका दोन भागांच्या कथेत १९८५ सालचा प्रसंग येतो: ग्रेसच्या आई-वडिलांच्या घरी, तिला लग्नाची मागणी घालून बसलेला विल अखेर खरे काय ते सांगतो आणि ती वर्षभर त्याच्याशी अबोला धरते. विनोदी मालिकेने तिचे दुखावले जाणे इतके मनावर घ्यावे, हे विशेषच.

नाशिकमध्ये गंगापूर रोडवर अशी जोडी वारंवार एकत्र दिसली, की ओळखीच्या काकू ‘मग, बार कधी उडवताय?’ असे विचारून मोकळ्या होतात. त्याने फक्त तिलाच विश्वासात घेतलेले असेल, तर उत्तर टाळण्याची जबाबदारी तिच्यावरही येते. हे ओझे स्टॅनफर्डच्या खुसखुशीत संवादांत सापडत नाही, म्हणून माझे मत विल-ग्रेसला. अर्थात याच मालिकेतल्या जॅकचे, म्हणजे विलच्या समलिंगी मित्राचे, पात्र बरेचदा ठरावीक साच्यात अडकते, हेही नमूद केले पाहिजे.