फोंतेन्हासची रंगीत दारं: २४ मिमी की ५० मिमी?

पणजीच्या फोंतेन्हासमध्ये, म्हणजे जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या रंगीत घरांच्या वस्तीत, दारांचे फोटो काढायला एकच लेन्स न्यायची तर कोणती: जास्त रुंद दृश्य घेणारी २४ मिमी की कमी रुंद दृश्य घेणारी ५० मिमी? हिशेब फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्याचा, कॅमेरा उभा धरून.

जागा: दार, चौकट आणि पायरी मिळून उंची ३ मीटर धरा. ५० मिमीला साधारण ४.२ मीटर मागे जावं लागतं, २४ मिमीला २ मीटर पुरतात. अरुंद गल्लीत ५० घेऊन पाठ समोरच्या भिंतीला टेकते, मध्ये स्कूटर येतात.

आकार: इथे ५० सरळसरळ सरस. २४ ने जवळून काढलं की पुढे आलेली पायरी अवाढव्य दिसते, कडेच्या कुंड्या ताणल्या जातात. वरची कमान घ्यायला कॅमेरा किंचित जरी वर कलला, तरी चौकटीच्या उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात. नंतर एडिटिंगमध्ये त्या सरळ करताना फोटोच्या कडा कापल्या जातात, म्हणून आधीच मोकळी जागा सोडा. ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा) चालू ठेवा, कॅमेरा दाराच्या मध्यावर, दीड मीटरच्या आसपास धरा.

रंग: लेन्सपेक्षा उजेड महत्त्वाचा. समोरची पिवळी भिंत उन्हात असेल तर निळं दार हिरवट दिसतं. ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप रंग जुळवणं) बंद करून, दाराजवळ राखाडी कार्ड धरून त्यावर सेट करा.

खर्च: ५० मिमी एफ/१.८ (१.८ म्हणजे लेन्सचं सर्वांत मोठं छिद्र) बहुधा स्वस्त. फोनची मुख्य लेन्स २४च्या जवळपासच असते, म्हणजे तसं दृश्य फोनवरही मिळतं.

या घरांत माणसं राहतात. २ मीटरवर म्हणजे जवळजवळ त्यांच्या उंबऱ्यावर; आधी विचारा.

फक्त दार, कडी, शिंपल्यांची (काचेऐवजी शिंपल्यांचे तुकडे बसवलेली) खिडकी हवी तर ५०. बाल्कांवसह (दारापुढच्या बसायच्या ओसरीसह) दर्शनी भाग हवा तर २४.