पंपावर झिरो बघितला, दर बघायचा राहिला

पुण्याहून कोल्हापूरला जाताना महामार्गावरच्या एका पंपावर गाडी लावली. "दोन हजारांचं टाका," म्हटलं. पोरगा म्हणाला, "ताई, झिरो बघून घ्या." बघितला. आकडे फिरायला लागले तसा दुसरा आला, काच पुसू लागला, कार्ड की यूपीआय विचारू लागला. पैसे दिले आणि निघाले.

प्रत्येक वेळी किती लिटर भरलं ते मी डायरीत लिहून ठेवते, वडिलांनी लावलेली सवय. रात्री बिल काढलं तर दर १११ रुपये, लिटर जेमतेम १८. साधं पेट्रोल त्या दिवशी १०४ ला होतं. म्हणजे सव्वा लिटर कमी मिळालं. मला एका शब्दाने न विचारता महागडं प्रीमियम पेट्रोल भरलं होतं. माप कमी वाटलं तर पंपावर पाच लिटरचं माप मागून तपासता येतं, पण इथे मापात खोट नव्हतीच, त्यामुळे तेही कामाचं नव्हतं.

परत येताना मुद्दाम यू-टर्न घेऊन त्या पंपावर गेले, जाब विचारला. मॅनेजर गोड बोलला. "ताई, तुमच्या भल्याचंच टाकलंय. ॲव्हरेज वाढेल, पिकअप बघा कसा येतो." आणि मला ते पटलं. मला खरा राग याचा आहे. पुढचे चार महिने मी स्वतःहून प्रीमियम भरत राहिले. डायरीत आधी १६-१७ चं ॲव्हरेज होतं, चार महिन्यांनंतरही १६-१७ च.

शेवटी सर्व्हिसिंगच्या वेळी आमच्या मेकॅनिककाकांनी गाडीचं मॅन्युअल उघडून पान पुढे केलं. ९१ किंवा त्याहून जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, एवढंच लिहिलेलं. आपल्याकडे साधं पेट्रोल तेव्हा ९१ चं असायचं, प्रीमियम बहुतेक ९५ चं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, काका म्हणाले. सिलिंडरमध्ये दाब वाढला की ठिणगीची ज्योत पोचायच्या आत काही मिश्रण आपोआप पेटतं, इंजिन खटखटतं, ते नॉकिंग. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल तो दाब सोसतं. ज्या टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ९५ मागितलंय, तिला तेच घाला, तिथे काटकसर नको. माझ्या छोट्या हॅचबॅकला त्याची गरजच नव्हती. प्रीमियममध्ये इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायनं घालतात हे खरं, पण त्याचे पैसे द्यायचे की नाही हे मी ठरवायचं, नोझल धरणाऱ्याने नाही.

बऱ्याचदा एकाच मशीनला दोन्ही नोझल असतात. झिरो दाखवतात तेव्हा रक्कम आणि लिटर शून्य असतात, पण खाली दराचा आकडा तसाच असतो. तो बघा, नोझल टाकीत जायच्या आत. "साधं टाका" हे शब्द आधी म्हणा, रक्कम नंतर. छापील बिल घ्या, त्यावर पेट्रोलचा प्रकार आणि दर असतो. न विचारता भरलं तर तक्रारवही मागा. मी ती त्या दिवशी मागितली नाही, मॅनेजरच्या बोलण्यात आले.

गेल्या शनिवारी शहरातल्या एका पंपावर पोराने प्रीमियमचं नोझल उचललं होतं. "साधं," म्हटल्यावर निमूट परत अडकवलं. माझ्यामागे स्कूटरवर एक आजोबा होते, दोनशेची नोट हातात धरून. पोराने पुन्हा तेच प्रीमियमचं नोझल उचललं. मी गाडीतून उतरले आणि म्हटलं, "आजोबा, दर बघा आधी."